संयान-मंडलाची सीमायात्रा

उत्तर कोंकणाचें मध्ययुग पाहावयाचें तर कोठें जावें, असा प्रश्न आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतो. विचारणारांत आतां परदेश पाहून आलेले तरुणहि पुष्कळ असतात. फ्रान्स देशाच्या खेड्यापाड्यांतून हिंडतांना जागोजाग अकराव्या-बाराव्या शतकांतील दगडी ख्रिस्तमंदिरें उभीं दिसतात. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, खांबांच्या माथ्यांवर कोरलेले पशुपक्षी व संतपुरुष. या बांधणीस तिकडील पंडित ‘रोमानेस्क’ म्हणतात. तें वैभव पाहून आलेला मनुष्य डहाणू-तलासरीकडे पाहतो आणि येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं, असा निकाल देऊन मोकळा होतो.

हा निकाल केवळ डोळ्यांनीं दिलेला आहे. प्रमाणें वाचलीं असतां तो टिकत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या मुलुखाचें मध्ययुग दगडांत थोडें, तांब्यावर पुष्कळ, आणि गांवांच्या नांवांत व लोकांच्या बोलण्यांतल्या शब्दांत आजहि शिल्लक आहे. म्हणून येथील यात्रा देवळांमागून देवळें पाहून होणार नाहीं. ती हातांत ताम्रपटाचा पाठ घेऊन, गांवच्या शिवेशिवेनें करावी लागेल. गेल्या माघ महिन्यांत चारोटीस मुक्काम ठेवून आम्हीं अशी यात्रा केली. तिच्यांत जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवतों.

जें प्रथम दिसतें

चारोटी हें डहाणू तालुक्यांतील महामार्गावरचें गांव. जवळून सूर्या नदी वाहते. पूर्वेची वाट कासा गांवावरून जव्हारकडे चढते, पश्चिमेची डहाणू बंदरास उतरते, उत्तरेस तलासरी आणि दक्षिणेस मनोर. डोंगर व समुद्र यांना जोडणारी वाट आणि मुंबई-गुजरातची वाट यांचा हा छेद असल्यामुळें संशोधकास मुक्कामास याहून सोयीचें ठिकाण नाहीं.

येथून निघालेल्या प्रवाशाच्या नजरेस प्रथम दोन गोष्टी पडतात. पहिली विवळवेढ्याची महालक्ष्मी. देवीचें एक स्थान पायथ्याशीं महामार्गालगत आहे व दुसरें वर डोंगरावर. चैत्री पौर्णिमेस जत्रा भरते आणि जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला ध्वज आदिवासी पुजारी मध्यरात्रीं शिखरावर नेऊन लावतो. जव्हार हें कोळी राजांचें संस्थान, इ. स. १३४३ मध्यें तेथील नेमशहास दिल्लीच्या सुलतानाकडून राजपदाची मान्यता मिळाली, आणि १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. राज्य गेलें तरी त्याचा ध्वज अद्यापि डोंगरावर चढतो, हेंहि एक मध्ययुगीन अवशेषाचेंच दर्शन होय.

दुसरी गोष्ट दक्षिणेकडील अशेरीगड. खोडकोण्याच्या बाजूनें चढून गेल्यावर कातळांत खोदलेल्या पायऱ्या, पाण्याचीं टांकीं आणि पडक्या दरवाज्यापाशीं राजमुकुटाचें चिन्ह कोरलेला दगड आढळतो. हा दगड पोर्तुगीजांचा. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गड त्यांच्या हातीं होता आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला. म्हणजे युरोपीय शिल्पाची आठवण करून देणारी जी एक वस्तु येथें आहे, ती फ्रान्सांतील त्या मंदिरांहून चारपांचशें वर्षांनीं अर्वाचीन आहे. डोळ्यांस जें प्रथम दिसतें तें बहुधा सर्वांत अलीकडचें असतें, हा धडा अशेरीवर मिळतो. याच्या मागें जावयाचें तर तांब्याकडे वळलें पाहिजे.

चिंचणीचे पट्ट

१९५५ सालीं डहाणूच्या दक्षिणेस, समुद्रकांठच्या चिंचणी गांवीं ताम्रपटांचा एक संच सांपडला. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२ व्या खंडांत संपादून प्रसिद्ध केला. या पट्टांचा विषय ‘संयान’ म्हणजे आजचें संजाण. चारोटीभोंवतालचा बराचसा टापू ज्या ‘संयान-मंडला’च्या छायेंत होता, त्याचें दहाव्या-अकराव्या शतकांतील चित्र या पट्टांइतकें स्पष्ट अन्यत्र कोठें मिळत नाहीं.

त्यांतील पहिला पट्ट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यावरून असें दिसतें कीं, संयान-मंडलाचा कारभार कृष्णराजानें ‘मधुमति’ नांवाच्या एका ताजिकास सोंपविला होता. ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमति हें ‘महंमद’ या नांवाचें संस्कृत रूप. पट्टांत त्याचें दुसरें नांव सुगतिप असें दिलें आहे. त्यानें दोन प्रवाहांवर फुकट तर चालविली आणि संयानांत अन्नसत्र घालून तेथें साळीचा भात, कालवण व तूप मोफत वाढण्याची व्यवस्था केली. याच मधुमतीच्या अमात्याचा अन्नैय नांवाचा ब्राह्मण मित्र होता. त्यानें संयानांत देवीची मठिका बांधविली आणि तिच्या डागडुजीसाठीं, देवीच्या नैवेद्यासाठीं व पंचगौडीय परिषदेंतील नऊ जणांच्या भोजनासाठीं भूमिदान मिळविलें. राजा राष्ट्रकूट, अधिकारी अरब, दाता ब्राह्मण, दान देवीच्या मठिकेस! मध्ययुगाविषयींच्या आपल्या कित्येक ठराविक कल्पना हा एक पट्ट वाचून ढिल्या होतात.

दुसरा महत्त्वाचा पट्ट शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ चा. या वेळीं उत्तर कोंकणावर शिलाहार छित्तराजाचा अंमल होता आणि संयानांत त्याचा मांडलिक मोढ चामुंडराज होता. त्यानें मठिकेस एक तेलाचा घाणा दिला. त्या तेलानें भगवतीपुढें दिवा जळावा, आणि मठांत येणाऱ्या अध्ययनशील ब्राह्मणांच्या पायांस तें चोळण्यास मिळावें, असा हेतु सांगितला आहे. चालून आलेल्या माणसाचे पाय दुखतात, याची दखल ज्या राजशासनानें घेतली, तें वाचतांना हजार वर्षांचें अंतर क्षणभर वाटेनासें होतें. याच पट्टांत गांवच्या प्रमुख मंडळींत ‘हंजमन’ असा समूह उल्लेखिला आहे. ही पारशांची अंजुमन होय. इराणांतून आलेली ही मंडळी त्या काळीं संयानाच्या नागरिकांत मान्यता पावली होती, याचा हा समकालीन पुरावा आहे. पारशांची परंपरा सांगणारा ‘किस्से-इ-संजाण’ हा फारसी ग्रंथ त्यानंतर साडेपांचशें वर्षांहून अधिक काळानें, १५९९ च्या सुमारास रचला गेला.

त्या ग्रंथांत पुढचें वृत्त आहे. संजाण पडल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि बारा वर्षें बारोटच्या डोंगरांत ठेविला; तेथून तो वांसद्यास व मग नवसारीस गेला. पुढें १७४२ मध्यें तो उदवाड्यास स्थिरावला. बारोटचीं लेणीं डहाणू तालुक्यांतच आहेत आणि पारशी भाविक आजहि तेथें चढून जातात.

फुकट तर

मधुमतीच्या तरीचा उल्लेख वाचतांना संस्कृताच्या अभ्यासकास एक जुना लेख आठवल्याखेरीज राहत नाहीं. नाशकाच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील लेख आहे. त्यांत त्यानें कोणकोणत्या नद्यांवर नावांची पुण्यार्थ तर ठेविली, त्यांचीं नांवें दिलीं आहेत. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि शेवटीं दाहनुका. ही दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. याच लेखांत नानंगोल गांवचीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें दान दिल्याचें सांगितलें आहे. नानंगोल म्हणजे संजाणजवळचें नारगोळ.

उषवदात शक, मधुमति अरब. दोघांमध्यें आठशें वर्षांचें अंतर. धर्म वेगळा, भाषा वेगळी. परंतु या किनाऱ्यावर सत्ता हातीं आलेल्या मनुष्यानें प्रथम करावयाचें पुण्य कोणतें, याविषयीं दोघांचें एकमत आहे. खाड्या व नद्या यांनीं चिरलेल्या मुलुखांत वाटसरूस पैलतीरीं नेणें हाच धर्म. भूगोल हा राजवटींपेक्षां दीर्घायुषी असतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस तरी माहीत नाहीं.

क्लुनीचा दृष्टांत

आतां फ्रान्सकडे पुन्हां वळूं. कारण त्या देशाचें एक उदाहरण येथें फार उपयोगी आहे. ब्रगंडी प्रांतांत क्लुनी येथें इ. स. ९१० मध्यें अक्वितानचा ड्यूक विल्यम यानें भूमि देऊन एक मठ स्थापिला. संयानच्या मठिकेचें दान त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनीं झालें. दोन्हीकडे प्रकार एकच: सत्ताधीशाच्या संमतीनें जमीन दिली जाते, तिच्या उत्पन्नावर विद्वान् अथवा विरक्त पुरुष पोसले जातात आणि वाटसरूस अन्न मिळतें. क्लुनीचें मुख्य मंदिर पुढें इतकें वाढलें कीं, रोमचें नवें सेंट पीटर होईपर्यंत ख्रिस्ती जगांत त्याहून मोठें मंदिर नव्हतें. आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांत अंबरनाथाचें शिलाहारकालीन देऊळ उभें राहिलें (शके ९८२, इ. स. १०६०), त्याच शतकांत हें मंदिर बांधावयास आरंभ झाला.

परंतु फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्या मंदिराची दगडमाती विकली गेली. आज त्याचा सुमारें दहावा हिस्साच काय तो उभा आहे. तथापि क्लुनीचा इतिहास बुडाला नाहीं. मठाचीं दानपत्रें शिल्लक होतीं. तीं १८७६ ते १९०३ या काळांत सहा खंडांत छापलीं गेलीं. त्यांच्या आधारें जॉर्ज द्युबी या इतिहासकारानें १९५३ मध्यें क्लुनीभोंवतालच्या मॅकों प्रदेशाच्या अकराव्या व बाराव्या शतकांतील समाजाचें चित्र उभें केलें: जमीन कोणाची, कसणारा कोण, न्याय कोण करी, धनी आणि कूळ यांचें नातें कसें बदललें. तो ग्रंथ मध्ययुगाच्या अभ्यासांत मार्गदर्शक ठरला.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. देऊळ पडलें म्हणून इतिहास पडत नाहीं. दानपत्र, त्यांतील गांवांचीं नांवें आणि तीं गांवें स्वतः, या तिहींचा मेळ घालणारा मनुष्य मात्र हवा. संयान-मंडलाचीं दानपत्रें संख्येनें क्लुनीच्या पासंगासहि पुरणार नाहींत. पण त्यांची गांवांशीं गांठ घालतां येते, हें पुढील उदाहरणावरून दिसेल.

झरिवल्लिकेची सीव

चिंचणीच्या पट्टांहून जुना असा एक ताम्रपट खुद्द संजाणचा म्हणून प्रसिद्ध आहे. तो राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याचा, शके ७९३ म्हणजे इ. स. ८७१ चा. डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या १८ व्या खंडांत संपादिला. संयानाजवळच्या चोवीस गांवांपैकीं झरिवल्लिका नांवाचें गांव चार ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत नमूद आहे. गांव दिलें म्हणजे त्याच्या चतुःसीमा सांगणें आलेंच. पूर्वेस समुद्राकडे जाणारी नदी, दक्षिणेस उप्पलहत्थक, पश्चिमेस नंदग्राम, उत्तरेस धन्नवल्लिका.

आतां आजचा नकाशा उघडावा. झरोळी, उपलाट, नांदगाम, धनोली हीं चारी गांवें एकमेकांच्या आसपास अद्यापि आहेत. उपलाट तलासरी तालुक्यांत, बाकीचीं पलीकडे उंबरगांव तालुक्यांत. ‘झरिवल्लिका’चें झरोळी व ‘धन्नवल्लिका’चें धनोली, या दोन रूपांत शेवटच्या ‘वल्लिका’चा विकार एकाच पद्धतीनें झालेला आहे, हें ध्वनिसाम्य एकट्या नांवांत योगायोग म्हणतां आलें असतें, शेजारच्या दोन नांवांत म्हणतां येत नाहीं. ‘उत्पल’ म्हणजे कमळ, त्याचें प्राकृत ‘उप्पल’; तें ‘उपलाट’ या नांवांत आजतागाईत बसून आहे. साडेअकराशें वर्षांपूर्वींच्या लेखकानें मान्यखेटच्या दरबारीं बसून जी चौकट लिहिली, ती येथील गांवकऱ्यांनीं न वाचतांच जिभेवर जपली आहे.

आम्ही उपलाटास गेलों. तेथें पाहण्यासारखी जुनी इमारत शोधण्याच्या भरीस पडलों नाहीं. सकाळच्या वेळीं पाड्यावर वारली स्त्रियांचीं कामें चाललीं होतीं, मुलें शाळेस निघालीं होतीं. एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं विचारलें, “बाबा, गांवाचें नांव किती जुनें असेल?” ते म्हणाले, “गाव आहे तवापासून.” या उत्तराची सत्यता ताम्रपटानें सिद्ध होते, हें त्यांस सांगतांना आम्हांस जें समाधान वाटलें तें कोरीव खांब पाहून वाटलें नसतें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. याच संजाण पट्टांत असें वर्णन आहे कीं, प्रजेवरील अरिष्ट टळावें म्हणून अमोघवर्षानें आपल्या डाव्या हाताचें बोट महालक्ष्मीस अर्पण केलें. पट्ट संजाणचा, महालक्ष्मी विवळवेढ्यास. तेव्हां ही तीच देवी, असें म्हणण्याचा मोह स्थानिक अभिमानास सहज होईल. परंतु तो श्लोक राजाच्या प्रशस्तींत आहे, गांवाच्या वर्णनांत नाहीं; आणि विद्वानांनीं ती देवी कोल्हापूरची महालक्ष्मी मानिली आहे. इकडील लोककथाहि आपली देवी कोल्हापुराहून निघाली असेंच सांगते. लोककथेचा मान राखावा, पण तिला पट्टाची साक्ष म्हणून उभी करूं नये. जें सिद्ध आहे तें पुरेसें मोठें आहे. त्यास उसन्या अलंकाराची गरज नाहीं.

विष्टि आणि वेठ

ताम्रपट हें दात्याच्या बाजूनें लिहिलेलें साधन आहे, हेंहि विसरतां कामा नये. राष्ट्रकूट दानपट्टांच्या ठराविक मसुद्यांत गांवाबरोबर दिल्या जाणाऱ्या हक्कांची यादी असते: उद्रंग, उपरिकर, दहा अपराधांचा दंड, धान्य व हिरण्य या रूपानें येणारा कर, आणि ‘उत्पद्यमान विष्टि’. विष्टि म्हणजे मोबदल्यावांचून करून घेतलेलें काम. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृत ‘विट्ठि’, मराठी ‘वेठ’.

हा शब्द आम्हीं अनेक वर्षें वर्गांत व्युत्पत्तीचें उदाहरण म्हणून शिकविला. परंतु डहाणू-उंबरगांवच्या मुलुखांत तो शब्दकोशांत राहिलेला शब्द नव्हता. येथील वारली शेतकऱ्यांस जमीनदारांच्या व जंगल-ठेकेदारांच्या कामावर वेठीनें राबविण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत चालत आली होती. मे १९४५ मध्यें तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें किसान सभेची परिषद भरली. हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. गोदावरीबाईंनीं तो वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहून ठेविला आहे.

नवव्या शतकांतील विष्टि आणि विसाव्या शतकांतील वेठ या एकाच संस्थेच्या अखंड चालत आलेल्या अवस्था होत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. मध्यें अनेक राजवटी व महसूलपद्धति होऊन गेल्या. परंतु शब्द तोच आणि भूमि तीच. ज्यांच्या श्रमाचा उल्लेख पट्टांत दानाची एक बाब म्हणून एका पदांत उरकला, त्यांच्या वंशजांनीं कीं शेजाऱ्यांनीं तो शब्द अखेर आपल्या मुखानें नाकारला. अन्नसत्रांतील भात, घाण्याचें तेल, नैवेद्य हीं पुण्यकर्में सांगतांना तो भात कोणी पिकविला हा प्रश्न संशोधकानें वाचकांच्या वतीनें विचारलाच पाहिजे. क्लुनीच्या पत्रांतून द्युबीनें तोच प्रश्न विचारला, म्हणून त्याचा ग्रंथ मोठा झाला.

कर्तव्य

१९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें निराळीं झालीं, तेव्हां उंबरगांव तालुक्याची फाळणी होऊन कांहीं गांवांची तलासरी झाली. त्यामुळें झरिवल्लिका गुजरातेंत, तिची दक्षिण सीमा उप्पलहत्थक महाराष्ट्रांत, अशी आजची स्थिति आहे. संयान-मंडलाचें मुख्य नगर एका राज्यांत आणि त्याचे ताम्रपट जेथें सांपडले तें चिंचणी दुसऱ्यांत. २०१४ मध्यें पालघर जिल्हा निराळा झाल्यावर जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार होऊं लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याचा नकाशा राज्याच्या सीमेपाशीं संपतो, आणि अमोघवर्षाच्या गांवाची एकच बाजू त्यांत येते.

त्यांतच या दोन तालुक्यांची भूमि आतां झपाट्यानें पालटत आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वे व मुंबई-वडोदरा द्रुतगति मार्ग यांच्या रेषा येथून गेल्या आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली. या योजनांचें गुणदोषविवेचन हा या लेखाचा विषय नाहीं. पण भराव पडला कीं ओढ्याचें नांव जातें, पाडा हलला कीं शिवेच्या दगडाचें नांव जातें, आणि दगडी मंदिरापेक्षां नांव हें फार नाजूक स्मारक आहे. फ्रान्सांत १८३४ मध्यें प्रोस्पेर मेरिमे याची ऐतिहासिक स्मारकांचा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि तो गांवोगांव हिंडून टिपणें करूं लागला. पडावयास आलेलें वेझलेचें मंदिर त्याच्या खटपटीनें वांचलें. आपणांस येथें वांचवावयाचें आहे तें बव्हंशीं बोलण्यांत आहे, आणि त्यास खर्च थोडा पण पायपीट पुष्कळ लागेल.

आमची सूचना अशी. संयान-मंडलाच्या पट्टांत आलेल्या प्रत्येक गांवाची, सीमेच्या दोन्ही बाजूंस, पाहणी व्हावी. शेतें, ओढे, तळीं, टेकड्या, देवस्थानें यांचीं स्थानिक नांवें वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया अशा सर्व समाजांतील वृद्धांच्या मुखांतून, ते उच्चारतात तशींच, लिहून घ्यावींत. गुजराती व मराठी जाणणारे दोन अभ्यासक बरोबर असावेत. आणि ज्या गांवाचें नांव पट्टांत आलें आहे, त्या गांवच्या शाळेंत पट्टाचा मूळ पाठ व मराठी अथवा गुजराती भाषांतर लावावें. उपलाटच्या मुलास आपल्या गांवाचें नांव शके ७९३ मध्यें तांब्यावर कोरलें गेलें हें कळलें, तर तो पुढें तें जपेल. न कळलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

निवृत्त शिक्षकांस वेळ असतो आणि मुलांस पाय असतात. या दोहोंच्या बळावर पहिल्या चार गांवांचें काम येत्या हिवाळ्यांत सुरू होऊं शकतें. ज्यांस बरोबर यावयाचें असेल त्यांनीं चारोटीच्या नाक्यावर उतरावें. तेथून उपलाटची वाट आम्हांस आतां ठाऊक आहे.